नेमके चार शब्द

टंकलेखिकेची बोटे यंत्राच्या कळांवर टेकून थांबली होती आणि खोलीतल्या सहा माणसांपैकी कोणीही कोणाकडे पाहत नव्हते. प्रश्न विचारून झाला होता. प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर चार शब्दांचे होते. तपासनीसाने समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि प्यायच्या आधी, सवयीने, खिडकीच्या उजेडापुढे धरला. काठाच्या बोटभर खाली मोहरीएवढा बुडबुडा होता. दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा हलका माल. एकोणतीस वर्षे काच तपासणाऱ्या माणसापुढे काचेच्याच कारखान्याने असला पेला ठेवावा, याची त्याला किळस आली, आणि किळस आल्याबरोबर थोडे बरेही वाटले. तुच्छतेची ती थंड, ओळखीची जागा सापडली की त्याला श्वास घ्यायला सोपे जाई. तो पाणी प्याला. पेला खाली ठेवला.

“विचारलेलं कळलं ना?” चौकशी अधिकारी म्हणाले. ते बाहेरून बोलावलेले निवृत्त वकील होते. त्यांच्या कानांतून पांढऱ्या केसांचे झुबके बाहेर आले होते, जणू आयुष्यभर ऐकलेल्या साक्षींचा कापूस. “व्यवस्थापक नळीवाल्याला नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा. तुमचं मत नकोय मला.”

“असभ्य बोलले.”

“असभ्य म्हणजे? जेवताना मी ढेकर दिला तरी आमच्या सूनबाईंना ते असभ्य वाटतं.”

व्यवस्थापक तेवढे हसले, मोजून. नळीवाला हसला नाही. तो भिंतीजवळच्या खुर्चीत, धुवून इस्त्री केलेल्या आणि म्हणून त्याला परक्या दिसणाऱ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर पंजे ठेवून बसला होता. शेजारी कामगार संघटनेचा सचिव होता आणि तो पेनाच्या टोपणाने दात टोकरत होता.

आरोप नळीवाल्यावर होता. बावीस वर्षे तो भट्टीपाशी उभा राहून लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच उचलत आला होता आणि तिच्यात आपला श्वास भरून प्रयोगशाळांसाठी चंबू फुंकत आला होता. तीन आठवड्यांपूर्वी भर पाळीत तो नळी खाली ठेवून घरी निघून गेला आणि मागे कुंडातली काच वाया गेली. परवानगीशिवाय भट्टी सोडली की नोकरी गेली, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते. सुटायला वाट एकच होती: व्यवस्थापकांनी आपल्याला आईवरून शिवी दिली म्हणून आपण गेलो, हे त्याने सिद्ध करायचे. ती शिवी ऐकणारा तिसरा माणूस जगात एकच होता, आणि तो पेल्यातला बुडबुडा पाहत होता.

नळीवाला स्वतः शिव्या देई, यात काही गुपित नव्हते. तो दिवसभर देई, आणि काचेला देई. “ये गं रांडे, ये, लाजू नकोस,” असे म्हणत तो कुंडातून लालभडक गोळा उचली; गोळा एका अंगाला कलला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी; आणि चंबू मनासारखा गोल उतरला की सर्वांत घाणेरडा शब्द सर्वांत हळू आवाजात, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा, त्याच्यावरून फिरवी. भट्टीला लागूनच तपासणीची खोली होती. तिच्या भिंतींना काळा रंग दिला होता आणि मधोमध एकच दिवा होता. त्या दिव्यापुढे प्रत्येक चंबू फिरवून पाहायचा, बुडबुडा किंवा रेघ दिसली की तांबड्या मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची आणि पेटीत टाकायचा, एवढेच तपासनीसाचे काम. फळ्यांच्या भिंतीतून शिव्या आत येत, उष्णतेसारख्या. तो ओठ मिटून फुल्या मारी. कामगारांनी त्याचे नाव ‘गाळणी’ ठेवले होते. बोलणे त्याच्या तोंडातून येते ते गाळून येते, म्हणून. हे त्याला माहीत होते आणि मनातून तो त्या नावावर खूश होता. मात्र एक गोष्ट त्याने कोणालाच कधी सांगितली नव्हती. नळीवाल्याची आई गेली तेव्हा तो आठ दिवस गप्प राहून काम करत होता, आणि त्या आठ दिवसांत त्याच्या दर तीन चंबूंपैकी एकावर फुली पडली होती. नवव्या दिवशी फळ्यांपलीकडून पहिली शिवी आली आणि काच पुन्हा निर्मळ उतरू लागली. नोंदवहीत हे सारे तारीखवार होते. तपासनीसाने त्यातून काही अर्थ काढायचा नाही असे ठरवले होते, कारण तो निघाला असता.

“साहेब, लाजू नका,” टंकलेखिका अचानक म्हणाली. तिचा आवाज बाजारात भाव सांगावा इतका सरळ होता. “मला सवय आहे. मागच्या महिन्यात एका चौकशीत अडीच पानं नुसत्या शिव्याच होत्या. क्रमांक घालून दिल्या मी.”

“बाई, तुम्ही टंकनापुरतं बोला,” अधिकारी म्हणाले, पण त्यांनाही ते आवडलेले दिसले.

टंकनापुरतं बोला. तपासनीसाच्या वडिलांनीही हेच वाक्य, याच स्वच्छ सुरात म्हटले असते. वडील शाळेत कारकून होते आणि त्यांनी उभ्या जन्मात एकही अपशब्द उच्चारला नाही, असे त्यांच्या पश्चात बोललेला प्रत्येक माणूस म्हणाला. ते खरेच होते. राग आला की ते घरातल्या माणसांना ‘आपण’ म्हणू लागत. “आपण जेवलात? आपणांस गणितात किती गुण मिळाले?” नऊ वर्षांच्या मुलाला ‘आपण’ म्हटले की तो खुर्चीत बसल्याबसल्या अनोळखी होतो, घरातले भांडे न् भांडे त्याच्याकडे पाहुण्यासारखे पाहू लागते. मामा याच्या अगदी उलट. तो मालमोटार चालवी, आणि दारातून आत यायच्या आधी त्याच्या शिव्या आत येत: रस्त्याला, हवेला, बहिणीच्या चहाला, भाच्याच्या वाढत्या उंचीला. “अरे भडव्या, ताड झालास की!” म्हणून तो उचलून घेई आणि त्याच्या सदऱ्याला डिझेलचा व उन्हाचा वास येई. एका दुपारी वडिलांनी त्याला अत्यंत सौम्यपणे सांगितले, “आपली भाषा या घराला झेपत नाही. आपण न आलात तर बरे.” मामाने एकदा बहिणीकडे पाहिले. मग हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि, हे तपासनीसाला पक्के आठवत होते, एकही शिवी न देता तो जिना उतरला. तो पुन्हा आला नाही. त्यानंतर आई भांडी घासताना नळ पूर्ण सोडू लागली. वडील पाणी वाया जाते म्हणत, ती ऐकत नसे. एकदा तो पाणी प्यायला मागे जाऊन उभा राहिला तेव्हा त्या धारेच्या आवाजाखाली त्याला तिचे ओठ हलताना दिसले, आणि मग ऐकू आले. मामाचेच शब्द होते ते, जसेच्या तसे, एकामागून एक, राखेच्या बोटांनी पातेले घासता घासता. ती वळली. मुलाला पाहून तिने नळ बंद केला, आणि त्या क्षणी त्याने कोणाची बाजू घ्यायची ते ठरवून टाकले. तो हसला असता तर सगळे वेगळे झाले असते. तो वडिलांच्या आवाजात म्हणाला, “आपण काय बोलत होतात?”

तेव्हापासून त्याची जीभ स्वच्छ होती. पण स्वच्छ जीभ म्हणजे रिकामे मन नव्हे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मनात तो अखंड शिव्या देत असे. कारखान्याच्या फाटकात पहिला माणूस दिसल्यापासून संध्याकाळी घरचे कुलूप काढेपर्यंत प्रत्येक चेहऱ्यावर एकेक तांबडी फुली पडत जाई. मामाच्या शिव्यांत ऊन होते, नळीवाल्याच्या शिव्यांत वाफ होती. त्याच्या शिव्या तळघरातल्या बर्फासारख्या होत्या, न वापरलेल्या, कडा शाबूत असलेल्या. आत्ताही तो देत होता: अधिकाऱ्याच्या कानांतल्या कापसाला एक, सचिवाच्या टोपणाला एक, टंकलेखिकेच्या निर्लज्ज मोकळेपणाला एक, आणि नळीवाल्याच्या त्या इस्त्रीच्या सदऱ्याला, जो न्याय मागायला आला होता आणि तो आपल्या तोंडून मागत होता, त्याला सर्वांत मोठी. हे लोक शिव्या देतात कारण त्यांना आत काही साठवता येत नाही, असे त्याचे मत होते. फुटक्या मडक्यांना पाझरण्याचे श्रेय कसले? एकदा जेवणाच्या टेबलावर त्याने हे मत बायकोला ऐकवले होते. तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही शिवी देत नाही हे खरंय. तुम्ही नुसतं बघता. समोरच्याला कळतं आपल्याला काय दिलं ते.” आणि उठून तिने ताट मोरीत ठेवले होते. नळ सोडला होता. पूर्ण.

“भाऊ, बोला ना,” सचिव म्हणाला. “एका शब्दाचा प्रश्न आहे. माणसाचं घर आहे त्याच्यावर.”

“चार शब्दांचा,” तपासनीस म्हणाला, आणि लगेच त्याला आपल्या अचूकपणाची लाज वाटली.

“चार? वा! म्हणजे मोजलेत तुम्ही.” अधिकारी पुढे झुकले. “मग येऊ द्या.”

व्यवस्थापक खिडकीबाहेर पाहत होते. त्यांची नखे गुलाबी आणि निगुतीने कापलेली होती. त्या दिवशी ते पाहुण्यांना घेऊन भट्टीपाशी आले होते; नळीवाल्याने नेहमीप्रमाणे काचेला ‘ये गं रांडे’ म्हटले; पाहुण्यांतली एक बाई दचकली, एक गृहस्थ हसला. व्यवस्थापकही हसले. पाहुणे गेल्यावर त्यांनी नळीवाल्याला तपासणीच्या काळ्या खोलीत आणले आणि दार लावून घेतले. दिव्यामागे तपासनीस बसला होता. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे पाहिले, मान किंचित हलवली, एखाद्या कपाटाची ओळख पटावी तशी, आणि मग अतिशय हळू, जवळजवळ प्रेमळ आवाजात नळीवाल्याला ते चार शब्द ऐकवले. त्यांत आरडाओरडा नव्हता, राग नव्हता, धाप नव्हती. चोख, काढून ठेवलेले शब्द होते ते, बर्फातले. नळीवाल्याच्या तोंडून दिवसाला शंभर वेळा असले शब्द जात, पण तो जागच्या जागी पांढरा पडला. त्याने नळी टेबलावर ठेवली, तपासनीसाकडे एकदा पाहिले आणि तो गेला. दाराशी व्यवस्थापक थांबून म्हणाले, “तुमच्यासमोर बोलताना बरं असतं हो. तुमच्या तोंडातून काही बाहेर जात नाही.” तपासनीसाने हे वाक्य तीन आठवडे वेगवेगळ्या बाजूंनी उजेडापुढे धरून पाहिले होते. त्यात बुडबुडा नव्हता. तो त्या खोलीत दुसरा श्रोता म्हणून नव्हताच. भिंत म्हणून होता, आणि भिंतीला साक्ष देता येत नाही म्हणूनच तिच्यासमोर बोलले गेले होते. त्याहून वाईट असे की त्या शब्दांचा सूर त्याने ओळखला होता. तो त्याचाच होता. इतकी वर्षे जे तो आत बोलत आला, तेच कोणीतरी त्याच्या खोलीत त्याच्या वतीने बोलून गेले होते.

“असं करू,” अधिकारी म्हणाले. “तोंडानं नाही ना निघत? लिहून द्या. मी वाचतो. माझं तोंड विटाळलेलंच आहे.”

कागद पुढे आला. पेन आले. त्याने ‘तुझी’ लिहिले. मग ‘आई’ लिहिले. आणि त्या दोन अक्षरांपाशी त्याला नळीवाल्याची आई दिसली, जिला सारा कारखाना मावशी म्हणे. मागच्या आवारात फुटक्या काचेच्या ढिगाजवळ ती पोत्यावर बसे. फुली मारलेले, फुटलेले सगळे तिच्याकडे जाई, आणि ती पांढरी काच वेगळी, पिवळी काच वेगळी करून पुन्हा भट्टीसाठी निवडून देई. तो नोकरीला लागला त्या पहिल्याच आठवड्यात पेटी ओतताना त्याचा तळहात फाटला. रक्त मनगटावरून ओघळत होते आणि तो ओठ मिटून ते पाहत उभा होता. मावशी धावत आली. “अरे मुक्या, कापलंय तुला! ओरड की! शिवी तरी दे!” त्याने मान हलवली. “येत नाही? मेल्या, शिवी येत नाही तुला?” मग तिने आपल्या डोक्याचे फडके फाडून त्याचा हात करकचून बांधला आणि बांधता बांधता त्या काचेच्या तुकड्याला, त्याला जन्म देणाऱ्या भट्टीला, पेटी बनवणाऱ्या सुताराला अशा काही शिव्या दिल्या की आवारातल्या बायका पोट धरून हसल्या. “घे, तुझ्या वाटच्या दिल्या,” ती म्हणाली. त्याला तेव्हा रडू आले होते. रडू आले म्हणून तो पुन्हा कधी तिच्याकडे पेटी घेऊन गेला नाही. दुसऱ्या कोणाला पाठवत राहिला, तेवीस वर्षे.

कागदावर दोन शब्द होते आणि पुढचे दोन लिहायचे होते. ते त्याला येत होते, त्यांचे ऱ्हस्वदीर्घसुद्धा. पण पेन पुढे नेताच हाताला जुनी सवय आठवली, डाग दिसला की थांबायची. असले शब्द आपल्या अक्षरात, कारखान्याच्या कागदावर, कायमचे? आणि या माणसासाठी? मावशीबद्दल, त्याला वाटले, असे काही लिहिणे हा तिचाच अपमान होईल. आणि हे वाटणे इतके सुंदर, इतके नीटनेटके होते की त्याने त्यावर विश्वास ठेवला. त्याने काच पुसावी तसे ते वाक्य पुसून घेतले. अर्थ तोच ठेवला, घाण तेवढी काढली. कागद त्याने उलटा करून सरकवला.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचले. “हे?” ते म्हणाले. “हे म्हणाले ते?” आणि मग त्यांनी टंकलेखिकेला सांगितले, “घ्या. ‘तुझी आई चांगल्या वळणाची बाई नव्हती,’ असे व्यवस्थापक म्हणाले.”

यंत्र खडखडले. सचिवाचे टोपण दातांतच राहिले. व्यवस्थापक खिडकीकडून वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरेखुरे आश्चर्य उमटले, अनपेक्षित भेट मिळाल्यासारखे.

“हो, असं मी म्हटलं असेन,” ते म्हणाले. “नाकारत नाही. तिच्या वागण्याबोलण्याबद्दल बरंच कानावर होतं. माझं मत होतं ते. चुकीचं असू शकेल. पण शिवी?”

“शिवी नाही ही,” अधिकारी म्हणाले, थोडे खिन्नपणे, चांगल्या जेवणाला मीठ कमी पडावे तसे. “साक्षीदारांच्या म्हणण्याप्रमाणे शिवी दिली गेली नाही.”

“भाऊ, हे होतं का ते?” सचिव ओरडला. “अहो, हे होतं का? चार शब्द म्हणाला होतात ना!”

तपासनीसाने उत्तर शोधले. ‘अर्थ हाच होता’ असे तो म्हणाला असावा. नळीवाला मध्येच बोलला, आणि त्या दिवशी खोलीत तो एवढेच बोलला: “राहू द्या. त्यांनी लिहिलंय ना.” टंकलेखिकेने साक्ष पहिल्यापासून वाचून दाखवली. तिच्या सपाट आवाजात ते वाक्य पुन्हा आले तेव्हा तपासनीसाला प्रथमच ऐकू आले की आपण काय केले. शिवी हवेत जाते. ती खरी आहे असे तिचा उच्चार करणाराही मानत नाही. हे वाक्य मात्र साक्ष होते. त्याला कर्ता होता, क्रियापद होते, खाली त्याची सही पडायची होती, आणि ते कारखान्याच्या कपाटात राहणार होते: मावशी चांगल्या वळणाची बाई नव्हती. त्याने सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली.

आवारात ऊन होते. फुटक्या काचेचा ढीग डोळ्यांत घुसत होता. आता तिथे पोत्यावर कोणी बसत नसे; एक यंत्र आले होते, ते चुरा करी. नळीवाला ढिगाजवळून फाटकाकडे चालला होता, एकटा. सचिव तावातावाने दुसरीकडे गेला होता. तपासनीस नळीवाल्याच्या मागे भराभर चालू लागला. इतक्या वर्षांत त्याने कोणाच्या मागे घाई केली नव्हती, आणि आपले पाय वेडेवाकडे पडताहेत हे त्याला दिसत होते.

“थांब जरा.”

नळीवाला थांबला. “काय भाऊ?”

“मला ते शब्द येत नाहीत असं नाही.”

“बरं.”

“तुला वाटेल मी घाबरलो. व्यवस्थापकांना वगैरे. तसं नाही. मला त्यांची काडीची किंमत वाटत नाही.”

“तुम्हाला कोणाचीच वाटत नाही, भाऊ,” नळीवाला शांतपणे म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. वजन सांगावे तसे त्याने ते सांगितले होते. “आई म्हणायची, त्या मुक्याला एक शिवी आली असती तर माणसात बसला असता.”

तेव्हा तपासनीसाने ते म्हटले. आधी ‘तुझी’, मग ‘आई’, मग उरलेले दोन, स्पष्ट, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. जीभ अडखळली नाही. आश्चर्य वाटावे इतके ते सोपे होते, आणि छातीतून काहीतरी गरम निघून गेल्यासारखे झाले; एका क्षणापुरता त्याला डिझेलचा वास आला, उन्हाचा आला. मग त्याला आपला आवाज ऐकू आला. तो हळू होता, जवळजवळ प्रेमळ. समोर ज्याच्या आईबद्दल ते होते तो मुलगा उभा होता, पन्नाशीला आलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, आणि ऐकायला दुसरे कोणी नव्हते. नोंद घ्यायला तर नव्हतेच.

“असं म्हणाले होते ते,” तो घाईने म्हणाला. “नेमके हेच.” आणि लगोलग, “दे ना तूही. मला एक दे. तुला येतात तेवढ्या दे.”

नळीवाल्याने मान थोडी तिरपी केली. सूर्य तपासनीसाच्या पाठीशी होता. डोळे बारीक करून, न रागावता, न हसता, त्याने त्याला उजेडापुढे आरपार पाहिले, वरून खाली एकदा आणि एकदा आडवे. मग पाहणे संपले. तो वळला आणि काचेच्या ढिगाला वळसा घालून फाटकाच्या दिशेने चालू लागला.